अमॉरोट परगणा : एका नसलेल्या देशाचा इतिहास आणि भूगोल

जगाच्या कोणत्याही नकाशात न सापडणारा, तरीही ज्याच्या नदीची लांबी, रस्त्यांची रुंदी, शेतांची हद्द आणि कुटुंबांची संख्या मोजून सांगता येते, असा एक परगणा आहे. त्याचे नाव अमॉरोट. यूटोपिया नावाच्या बेटाच्या मध्यभागी तो वसलेला आहे आणि त्याचे सविस्तर वर्णन एका संताच्या लेखणीतून उतरले आहे. संत थॉमस मोर हे नाव आपल्या कुटुंबांना परिचित आहे ते राजाज्ञेपुढे न झुकलेला रक्तसाक्षी म्हणून. दरवर्षी २२ जून रोजी संत जॉन फिशर यांच्या समवेत त्यांचा सण आपण साजरा करतो. मात्र याच संताने ऐन उमेदीत एका काल्पनिक देशाची मोजणी करून ठेवली आहे, याची जाणीव फार थोड्यांना असते.

जो देश अस्तित्वातच नाही त्याचा इतिहास-भूगोल कशासाठी अभ्यासायचा, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर त्या भूगोलातच दडलेले आहे, असे आम्हांस वाटते. म्हणून प्रथम परगण्याची फेरी करू आणि मग उत्तराकडे वळू.

ग्रंथाचा जन्म

१५१५ साली इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याने व्यापारविषयक वाटाघाटींसाठी फ्लँडर्सला एक शिष्टमंडळ धाडले. त्यात लंडनचे वकील आणि उपशेरीफ थॉमस मोर होते. बोलणी रेंगाळली आणि मोर यांना सवड मिळाली. अँटवर्प येथे पीटर जायल्स या विद्वान मित्राच्या सहवासात त्यांनी काल्पनिक बेटाचे वर्णन लिहून काढले. लंडनला परतल्यावर त्याला प्रास्ताविक संवादाची जोड दिली. १५१६ च्या अखेरीस लूव्हें येथे डर्क मार्टेन्स यांच्या छापखान्यात हा लॅटिन ग्रंथ छापून झाला. त्यावर देखरेख होती इरॅस्मस यांची.

ही सारी हकीकत आपणांस सांगतो तो राफाएल हिथलोदेयस नावाचा पोर्तुगीज प्रवासी. जुन्या करारातील तोबितची कथा ज्यांनी वाचली आहे त्यांना ठाऊक आहे की, राफाएल हा तरुण तोबियाचा वाटाड्या झालेला आणि म्हाताऱ्या तोबितच्या डोळ्यांवरचे पडदे दूर करणारा महादूत. उलट 'हिथलोदेयस' या ग्रीक आडनावाचा अर्थ बाष्कळ गोष्टींत निष्णात असा होतो. डोळे उघडणारा आणि थापा मारणारा, असे दोन्ही एकाच नावात मोर यांनी बसविले. बाकीची नावेही अशीच खट्याळ आहेत. यूटोपिया म्हणजे ठावठिकाणा नसलेला देश, अमॉरोट म्हणजे अंधुक नगर, त्याची नदी अनिडर म्हणजे पाणी नसलेली. ज्यांना ग्रीक येत होते त्यांना पहिल्या पानापासूनच गंमत कळत होती.

या प्रवाशाची वाट आपल्या समुद्रावरून गेली आहे, हेही नमूद केले पाहिजे. अमेरिगो व्हेस्पुची यांच्या शेवटच्या सफरीत एका गढीत मागे ठेवलेल्या २४ जणांपैकी राफाएल एक होता. पाच सोबत्यांसह देशोदेशी भटकत तो सिंहलद्वीपास पोचला, तेथून कालिकतला आला आणि तेथे लागलेल्या पोर्तुगीज जहाजांतून मायदेशी परतला. वास्को द गामा कालिकतला उतरला १४९८ साली आणि गोवा पोर्तुगीजांच्या हाती पडले १५१० साली. तेव्हा १५१६ च्या वाचकाला कालिकत हे ताज्या बातमीतले नाव होते. यूटोपियाची खबर युरोपला गेली ती, कल्पनेतच का होईना, भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरून. पुढे १५७९ साली एक खराखुरा इंग्रज या किनाऱ्यावर उतरला. मोर यांच्या मायभूमीत कॅथलिक म्हणून जगणे कठीण झाल्यानंतरच्या पिढीतले ते येशूसंघीय धर्मगुरू म्हणजे आपले फादर थॉमस स्टीफन्स. त्यांचे 'क्रिस्तपुराण' छापले गेले १६१६ साली, 'यूटोपिया'नंतर बरोबर १०० वर्षांनी.

बेटाची रचना

यूटोपिया पूर्वी बेट नव्हते. अब्राक्सा नावाचा तो भूभाग खंडाला जोडलेला होता. यूटोपस नावाच्या विजेत्याने तो जिंकला आणि १५ मैल रुंदीची संयोगभूमी खणून समुद्र आत आणला. हे काम त्याने केवळ जितांकडून करवून घेतले नाही. आपले सैनिकही त्याने त्याच खणतीला लावले, का तर जिंकलेल्या लोकांना ते श्रम अपमानाचे वाटू नयेत. या राष्ट्राच्या इतिहासाचे पहिले पान असे कुदळीने लिहिले गेले आहे.

बेटाचा आकार अमावास्येनंतरच्या चंद्रकोरीसारखा आहे. मधली रुंदी २०० मैल आणि घेर ५०० मैल. कोरीच्या दोन टोकांमध्ये सुमारे ११ मैलांची खाडी आहे. आत पाणी शांत, पण मुखाशी उथळ भाग आणि खडक. सुरक्षित वाट फक्त तेथील रहिवाशांना ठाऊक असते आणि तीही किनाऱ्यावरील खुणांच्या आधाराने. त्या खुणा हलविल्या की शत्रूचे आरमार बुडालेच म्हणून समजावे. येथे गणिताची आवड असलेला वाचक थांबेल. ५०० मैल घेराच्या वर्तुळाचा व्यास १६० मैलही भरत नाही, मग २०० मैल रुंदी कोठून आली? सांगितलेल्या मापांनी हे बेट कागदावर काढताच येत नाही. १५१६ च्या आणि १५१८ च्या आवृत्तीत नकाशे आहेत, पण त्यांत ही मापे शोधू नयेत.

बेटावर ५४ नगरे आहेत. सर्वांची भाषा, चालीरीती आणि कायदे एकच. जवळात जवळची दोन नगरे २४ मैलांवर आणि कोणतेही नगर शेजारच्या नगरापासून एका दिवसाच्या पायी वाटेहून लांब नाही. प्रत्येक नगराभोवती त्याचा परगणा आहे. त्या काळच्या इंग्लंड-वेल्सचे ५३ परगणे आणि लंडन शहर मिळून ५४ होतात, ही जुळणी अभ्यासकांनी दाखवून दिली आहे. म्हणजे मोर दूर देशाचा नकाशा काढीत असताना त्यांच्या पुढ्यात मायदेशाचाच नकाशा उघडा होता.

परगण्याची फेरी

सर्व परगणे एकसारखे असल्याने एक पाहिला की सर्व पाहिल्यासारखे, असे राफाएल म्हणतो आणि अमॉरोटची निवड करतो. बेटाच्या नाभीस्थानी असल्याने दरवर्षी प्रत्येक नगराचे तीन अनुभवी वृद्ध येथेच सल्लामसलतीसाठी जमतात.

नगराच्या प्रत्येक बाजूस निदान १२ मैल शेतजमीन आहे. या जमिनीवर जागोजागी प्रशस्त शेतघरे आहेत. एका शेतघरात निदान ४० स्त्री-पुरुष राहतात. दोन वर्षे शेती केली की त्यांतील २० जण नगरात परततात आणि नगरातून नवे २० येतात. जुने नव्यांना शिकवितात. यामुळे कोणाच्याही वाट्याला जन्मभराची नांगरट येत नाही आणि कोणालाही शेती परकी राहत नाही. कापणीच्या हंगामात नगरातून माणसे मागविली जातात आणि हवा चांगली असली तर जवळजवळ एका दिवसात पीक घरात येते. नांगराला बैल जुंपतात. कोंबडीची अंडी उबेत ठेवून पिले काढण्याची युक्तीही त्यांना अवगत आहे.

अनिडर नदी नगराच्या वर ८० मैलांवर एका लहानशा झऱ्यातून उगम पावते. नगरासमोर तिचे पात्र अर्धा मैल रुंद होते आणि तेथून ६० मैलांवर ती समुद्रास मिळते. भरतीचे पाणी नगराच्याही वर काही मैल चढते. समुद्राकडच्या ३० मैलांत नदी पूर्ण खारी असते, पुढे मचूळ आणि नगरापाशी गोडी. खाडीकाठी राहणाऱ्या आमच्या वाचकांना हे चित्र समजावून सांगण्याची गरज नाही. नदीवर दगडी पूल आहे, तोही नगराच्या समुद्रापासून दूरच्या टोकास, म्हणजे गलबते नगराच्या कडेकडेने विनाअडथळा जाऊ शकतील. दुसरी एक लहान नदी टेकडीतून निघून नगरामधून वाहते. तिचे पाणी मातीच्या नळांनी खालच्या वस्तीला पुरविले जाते. नळ जेथे पोचत नाही तेथे पावसाचे पाणी टाक्यांत साठवितात.

नगर उतारावर वसलेले, जवळपास चौरस, टेकडीच्या माथ्याखालून नदीपर्यंत दोन मैल पसरलेले. तीन बाजूंस काटेरी झुडपांनी भरलेला कोरडा खंदक आणि चौथ्या बाजूस नदी. रस्ते २० फूट रुंद. घरांच्या रांगेमागे बागा, त्यांत द्राक्षवेली, फळझाडे आणि फुले. घरांना पुढे-मागे दारे आहेत, पण कुलपे नाहीत. दर १० वर्षांनी चिठ्ठ्या टाकून घरे बदलली जातात.

लोकवस्ती दाट आहे. नगरात ६,००० कुटुंबे असतात आणि प्रत्येकात १० हून कमी वा १६ हून अधिक प्रौढ नसावेत असा दंडक आहे. म्हणजे मुले सोडून ६०,००० ते ९६,००० माणसे, शिवाय शेतघरांतील वेगळी. त्या काळच्या लंडनची वस्ती पन्नास-साठ हजारांच्या आसपास असावी, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. दर ३० कुटुंबांमागे एक अधिकारी निवडला जातो, असे २०० अधिकारी गुप्त मतदानाने राजप्रमुख निवडतात. सर्वांना दिवसाचे सहा तास काम. नगराच्या तटाबाहेर चार रुग्णालये आहेत आणि ती लहान गावांएवढी ऐसपैस आहेत. पैसा नाही, बाजार आहे. कुटुंबप्रमुख येतो आणि गरजेपुरते घेऊन जातो.

इतिहासाची नोंदही नेमकी आहे. यूटोपसच्या विजयापासून १,७६० वर्षांच्या बखरी तेथे जपून ठेवल्या आहेत. त्यांत नोंद आहे की, आरंभी घरे म्हणजे मातीने लिंपलेल्या, गवताने शाकारलेल्या झोपड्या होत्या. आज ती तीन मजली आहेत. या देशात राजवंशांच्या वंशावळींपेक्षा घरांच्या भिंतींचा इतिहास महत्त्वाचा ठरला.

लंडनचा आरसा

अनिडरमध्ये लंडनच्या थेम्स नदीचे प्रतिबिंब दिसते, हे वाचकांनी ताडले असेलच. थेम्सलाही भरती येते, तिच्यावरही दगडी पूल होता. फरक इतकाच की लंडनचा पूल मोठ्या जहाजांच्या वाटेत उभा होता आणि अमॉरोटचा पूल वाटेतून बाजूला सरकविला गेला. मोर यांनी आपल्या नगराला जणू एकेक दुरुस्ती सुचविली आहे. अरुंद गल्लीच्या जागी २० फुटी रस्ता, गर्दीच्या जागी बाग, कुलपाच्या जागी उघडे दार.

सर्वांत मोठी दुरुस्ती आहे जमिनीची. ग्रंथाच्या पहिल्या भागात राफाएल इंग्लंडच्या खेड्यांची कहाणी सांगतो. लोकरीला भाव आला, तेव्हा जमीनदारांनी शेते कुंपणांत घालून मेंढ्यांची कुरणे केली. कुळे हाकलली गेली, गावे ओस पडली, चर्च उरले ते मेंढ्यांच्या गोठ्यापुरते. भिकेला लागलेला शेतकरी चोरी करी आणि चोरीची शिक्षा होती फाशी. या लोभाच्या यादीत मोर यांनी सरदारांच्या जोडीला काही मठाधिपतींनाही बसविले आहे. ख्रिस्तसभेचा सच्चा पुत्र असूनही, की सच्चा पुत्र असल्यामुळेच, त्यांनी आपल्या लोकांना वगळले नाही.

याच्या समोर अमॉरोटच्या १२ मैलांची हद्द ठेवून पाहावी. तेथील कोणत्याही नगराला आपली सीमा वाढविण्याची इच्छा नाही. कारण ते लोक स्वतःला जमिनीचे धनी समजत नाहीत, ते स्वतःला कसणारे समजतात. लेवीय ग्रंथाच्या २५ व्या अध्यायात परमेश्वराने इस्राएलास हेच बजावले आहे की, भूमी त्याची आहे आणि आपण तिच्यावर उपरे व पाहुणे आहोत. मूर्तिपूजक बेटाने जे ओळखले ते ख्रिस्ती इंग्लंडला का ओळखता येऊ नये, हा मोर यांचा प्रश्न आहे.

नकाशावरील काळोखे कोपरे

येथवर वाचून कोणी यूटोपियाला स्वर्ग समजेल, तर त्याने नकाशा पुन्हा पाहावा. प्रत्येक शेतघरात त्या ४० जणांखेरीज दोन दास आहेत. पशुहत्येचे काम नगराबाहेर दासांकडून करवून घेतले जाते, का तर नागरिकांच्या मनातील दयाभाव बोथट होऊ नये. नागरिकांची दया शाबूत राहावी म्हणून दासांनी निर्दय व्हावे, ही व्यवस्था वाचताना आम्ही थबकतो. दुसऱ्या नगरात जायचे तर परवाना लागतो. परवान्यावाचून दुसऱ्यांदा सापडलेला नागरिक स्वतः दास होतो.

त्याहून गंभीर बाब समुद्रापलीकडे आहे. बेटावर माणसे वाढली की ते समोरच्या खंडावर पडीक जमिनीवर वसाहत करतात. मूळ रहिवाशांनी विरोध केला तर युद्ध, आणि ते न्याय्य समजले जाते. आपल्या हद्दीत समाधानी असणारे हे लोक दुसऱ्याच्या हद्दीपाशी मात्र असे बदलतात. पुढील शतकांत उत्तर अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया येथे मूळ लोकांच्या जमिनी घेताना याच जातीचा युक्तिवाद करण्यात आला. जी जमीन आपणांस रिकामी दिसते ती कोणाची तरी कुरण, वन वा पूर्वजांची दफनभूमी असते, हे युरोपला फार उशिरा कळले.

शिवाय असाध्य रुग्णाला संमतीने मरण देणे आणि घटस्फोट या यूटोपियन चाली ख्रिस्तसभेच्या शिकवणीस मान्य नाहीत. मोर यांनी ग्रंथाच्या शेवटी स्वतःचे पात्र उभे करून सांगितले आहे की, या देशाच्या अनेक प्रथा त्यांना पटत नाहीत आणि अनेक गोष्टी आपल्या नगरांत याव्यात असे वाटते, पण तशी आशा धरवत नाही. ही दुहेरी दृष्टी सोडून 'यूटोपिया' वाचू नये.

धर्माचा परगणा

यूटोपसने पहिला कायदा केला तो धर्मस्वातंत्र्याचा. जो तो आपल्या श्रद्धेप्रमाणे चालेल, दुसऱ्याला पटवील ते सौम्य शब्दांनी, बळजबरीने नाही. प्रवाशांकडून प्रभू ख्रिस्ताविषयी ऐकून तेथील अनेकांनी स्नानसंस्कार घेतला. त्यांतील एक उत्साही नवख्रिस्ती इतर धर्मांची भर चौकात निंदा करू लागला, तेव्हा त्याला हद्दपार करण्यात आले. गुन्हा होता शांतताभंगाचा, ख्रिस्ती होण्याचा नव्हे. प्रत्येक नगरात धर्मगुरू फक्त १३. तेही अत्यंत पवित्र आचरणाचे, म्हणून थोडे, असे राफाएल सांगतो. आम्हां धर्मगुरूंना हे वाक्य बोचल्यावाचून राहत नाही.

हा कायदा लिहिणारे मोर १५२९ ते १५३२ या काळात इंग्लंडचे चॅन्सेलर होते. त्या अवधीत पाखंडाच्या आरोपावरून सहा जणांना जिवंत जाळण्यात आले. तो त्या काळचा कायदा होता, हे खरे. राज्य फुटेल ही त्यांची भीती प्रामाणिक होती, हेही खरे. तरी यूटोपसच्या नगरात ही आग पेटली नसती, हे त्यांच्या संतत्वावर निष्ठा ठेवूनही आम्हांस म्हणावे लागते. संत हा आपल्या नकाशाहून लहान असू शकतो.

परंतु कहाणी तेथे संपत नाही. १५३४ च्या एप्रिलमध्ये राजाच्या शपथेस नकार दिल्याने मोर टॉवरच्या तुरुंगात गेले. ज्यांनी शपथ घेतली त्यांना त्यांनी दोष दिला नाही. आपली सदसद्विवेकबुद्धी आपणांस हे करू देत नाही, एवढेच त्यांचे म्हणणे होते. यूटोपसने प्रत्येक प्रजाजनाला जी जागा दिली होती तेवढीच जागा मोर आता स्वतःसाठी मागत होते. इंग्लंडच्या नकाशावर ती नव्हती. ६ जुलै १५३५ रोजी त्यांचा शिरच्छेद झाला. १९३५ साली पोप ११ वे पायस यांनी त्यांना संतपद दिले आणि २००० साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना राजकारण्यांचे आश्रयदाते संत घोषित केले.

तलावाकाठचा यूटोपिया

हा नसलेला देश एका माणसाने जमिनीवर उतरवून पाहिला. त्यांचे नाव वास्को दे किरोगा. स्पेनचे हे कायदेपंडित न्यायाधीश म्हणून मेक्सिकोला आले. तेथील मूळ रहिवाशांची दैना पाहून त्यांनी १५३२ साली मेक्सिको शहराजवळ आणि लगोलग मिचोआकान प्रांतात पात्स्क्वारो तलावाकाठी अशी दोन वसाहतगावे उभारली. दोन्हींना सांता फे, म्हणजे पवित्र श्रद्धा, असे नाव दिले. सामाईक जमीन, सहा तासांचे काम, आळीपाळीने शेती, आजाऱ्यांसाठी व वाटसरूंसाठी रुग्णालय, प्रत्येक मुलाला शेतीचे शिक्षण. 'यूटोपिया'चे पान उघडून नियम लिहावेत, तसे हे नियम होते. १५३५ साली, मोर यांचे मस्तक ज्या वर्षी उडविले गेले त्याच वर्षी, किरोगा यांनी एका निवेदनात मोर यांचे नाव आदराने घेतले. आणि ते निवेदन कशासाठी होते? मूळ रहिवाशांना गुलाम करण्याविरुद्ध. ज्या ग्रंथात दास होते तोच ग्रंथ वाचून एका वाचकाने दास्याचा निषेध लिहिला. पुढे ते मिचोआकानचे बिशप झाले आणि १५६५ साली निवर्तले. तेथील लोक त्यांना अजून 'ताता वास्को', म्हणजे वास्कोबाबा म्हणतात. २०२० च्या डिसेंबरात पोप फ्रान्सिस यांनी त्यांच्या थोर सद्गुणांना मान्यता दिली.

मोर यांनी प्रस्तावनेच्या पत्रात विनोदाने लिहिले होते की, एक भाविक ईशज्ञानी यूटोपियाचा बिशप होऊ इच्छितो, पण ते बेट कोणत्या समुद्रात आहे हे राफाएलला विचारायचेच राहून गेले. राफाएल ठिकाण सांगत असतानाच कोणाला तरी मोठा खोकला आला, असा खुलासा पीटर जायल्स यांनी जोडला. विनोदात मागितलेला तो बिशप पुढे खरोखर मिळाला, एवढाच इतिहासाचा शेरा.

तर आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर असे. पापनिवेदनाला जाण्यापूर्वी आपण आत्मपरीक्षण करतो, त्याप्रमाणे एखाद्या देशाने करावयाचे आत्मपरीक्षण म्हणजे हा भूगोल. नदी तीच, पूल तोच, परगणे तेवढेच. बदलले आहे ते माणसांचे परस्परांशी आणि भूमीशी असलेले नाते. जेथे ते नाते नकाशातही बिघडले आहे, त्या दासांच्या आणि वसाहतीच्या कोपऱ्यांत, तो नकाशाच आपल्याला इशारा देतो की चांगुलपणाची हद्द आपल्या तटापाशी संपवू नका. आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या वाडीच्या बांधावर आज मोजणीचे दगड आहेत आणि घराघरांत सात-बाराच्या उताऱ्यावरून भावाभावांची बोलणी तुटली आहेत. अमॉरोटच्या शेतकऱ्याला या दगडाविषयी एकच गोष्ट ठाऊक होती. दगडाच्या दोन्ही बाजूंस कसणारेच राहतात आणि धनी एकच आहे.